टर्की-शिकारी : अनुभवातून होणारी घडण

रानटर्की (मेलीॲग्रिस गॅलोपाव्हो) या उत्तर अमेरिकी पक्ष्याची शिकार करणाऱ्याच्या कौशल्यात, आवडीत आणि नीतिविचारात काळानुरूप होणारा बदल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वसंतातील शिकारीस सामान्यतः नर मारण्याचीच मुभा असते. मादीचा आवाज काढून नराला पस्तीसेक मीटरांच्या आत आणणे ही या शिकारीची मुख्य रीत. रानात नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी हा क्रम उलटवू पाहतो, आणि सारी अडचण तिथेच सुरू होते.

पायऱ्या : विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेतील रॉबर्ट जॅक्सन व रॉबर्ट नॉर्टन यांनी शिकाऱ्यांच्या मुलाखतींवरून पाच पायऱ्या सुचवल्या : बंदूक चालवण्याची हौस, कमाल मर्यादेइतकी शिकार, निवडक मोठे जनावर, पद्धतीचा ध्यास आणि शेवटी निवांतपणा. शिकारी-प्रशिक्षण वर्गांत हीच मांडणी शिकवतात. मात्र १९८० च्या सुमारास ती पुढे आली तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये टर्कीची वसंतातील शिकार सुरूच झाली नव्हती. मिसूरीहून आणलेले पक्षी तिथे १९७६ मध्ये सोडले गेले आणि वसंतातील पहिला हंगाम १९८३ चा. टर्की-शिकाऱ्याला ही मांडणी सैलच बसते. हंगामात मोजकेच पक्षी मारता येत असल्याने दुसरी पायरी जवळजवळ उरत नाही, तर चौथी तो पहिल्याच वर्षी गाठतो.

आवाजाची साधने : पंखाच्या हाडाची नळी सर्वांत जुन्यांपैकी. लाकडी पेटीवर झाकण घासून आवाज काढण्याच्या साधनाचे एकस्व आर्कान्सॉमधील हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये घेतले. पाटीच्या दगडावर काडी घासणे व टाळूला लावायचा पातळ पडदा हे आणखी दोन प्रकार. पडद्यामुळे दोन्ही हात बंदुकीसाठी मोकळे राहतात. नवशिक्या ही सगळी साधने जमवतो आणि फार वाजवतो. नराने उत्तर दिले की त्याला राहवत नाही, तो पुन्हा वाजवतो. नर तिथेच थांबून मादी येण्याची वाट पाहतो. मुरलेला शिकारी उत्तर मिळताच गप्प होतो, फार तर चरणाऱ्या मादीसारखा हाताने पाचोळा उकरतो. पहाटे घुबडाचा घुत्कार काढून तो नराचे झाड हेरतो आणि ओढा किंवा कुंपण मध्ये येणार नाही अशी जागा धरतो. त्याची खरी प्रगती या मौनात आणि जमिनीच्या जाणकारीत दिसते. छातीवरचा केसांचा झुपका किंवा पायामागच्या काट्याची लांबी हे तिचे दुय्यम माप होय.

मतभेद : वर्षभराचे कोवळे नर मारावेत का आणि टर्कीच्या शेपटीचा पंखा आडोशाला धरून पुढे सरकावे का, यांबाबत एकमत नाही.

साहित्य : एडवर्ड मॅकिलहेनी यांचा १९१४ चा ग्रंथ आणि टॉम केली यांचे ‘टेन्थ लीजन’ (१९७३) महत्त्वाचे.

संवर्धन : पक्षी जाळ्यात धरून नव्या रानात सोडण्याच्या मोहिमांमुळे विसाव्या शतकात टर्की पुन्हा पसरली. राष्ट्रीय रानटर्की महासंघ १९७३ मध्ये स्थापन झाला. अलीकडे आग्नेयेकडील अनेक राज्यांत संख्या घटली असून जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगामाची मर्यादा तीनवरून दोन नरांवर आणली. उन्हाळ्यात माद्यांमागची पिल्ले मोजून राज्याला कळवणारे शिकारी आहेत. या नोंदीच्या दृष्टीने अशी मोजणी हीच पक्वतेची ठळक खूण.

सुरक्षितता : आवाजाच्या दिशेने दबकत जाणे धोक्याचे, खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे, नराच्या डोक्याचे लाल, पांढरे, निळे रंग अंगावर नसावेत.