झिजेचें मोल : मोटारीच्या ब्रेकचा इतिहास

मोटारगाडीच्या इतिहासावरील ग्रंथ चाळले तर त्यांत एंजिनाविषयीं प्रकरणामागून प्रकरणें आढळतात. ब्रेकला मात्र चार-दोन पानें मिळालीं तरी पुष्कळ झालें. वेगाचा गौरव करावा आणि थांबण्याचें कौशल्य गृहीत धरावें, ही गोष्ट मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. तथापि जी गाडी भरंवशानें थांबवितां येत नाहीं ती भरंवशानें पळवितांही येत नाहीं. आज वेगवान मोटारीसाठीं नवे पॅड आणि नव्या तबकड्या — कारखानदार ज्यांस रोटर म्हणतात व आपल्याकडील मिस्त्री डिस्क म्हणतात — घेण्यास जाणाऱ्या गृहस्थापुढें अनेक प्रकार मांडले जातात, आणि त्यांत जो महाग तोच उत्तम असा त्याचा सहज समज होतो. हा समज कितपत खरा आहे, हें ब्रेकचा इतिहासच उत्तम रीतीनें सांगूं शकेल.

ब्रेकचें कार्य म्हणजे गतीचें उष्णतेंत रूपांतर करणें. गाडीचा वेग दुप्पट झाला कीं तिच्या अंगची गतिजन्य शक्ति चौपट होते, आणि ती सर्व कांहीं क्षणांत घर्षणानें उष्णतारूपानें बाहेर काढावी लागते. म्हणून प्रत्येक ब्रेकांत दोन पदार्थांची जोडी असते : एक चाकाबरोबर फिरणारा व कठीण, दुसरा त्याला आवळणारा व तुलनेनें मऊ. या दुसऱ्यानेंच आधीं झिजावें अशी मूळचीच योजना असते. तेव्हां ब्रेकचा इतिहास म्हणजे एका अर्थीं कोणता पदार्थ झिजवावा या प्रश्नाचा इतिहास होय.

१८८८ च्या ऑगस्टमध्यें बेर्था बेन्झ ही बाई आपल्या दोन मुलांसह पतीनें बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला गेली. वाटेंतील उतारावर ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजूं लागले, तेव्हां तिनें एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. आजच्या पॅडचा पूर्वज तो हाच. पुढें इंग्लंडांत डार्बीशायरमध्यें हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ च्या सुमारास गाड्यांच्या ब्रेकसाठीं टिकाऊ अस्तर करण्याचा उद्योग आरंभिला. डोंगराळ भागांतील शेतकरी आपल्या गाड्यांच्या ब्रेकला जुन्या बुटांचे तुकडे लावीत, तें पाहून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. परंतु चामडें काय, राळेंत भिजविलेला कापूस काय, मोटारीचा वेग वाढतांच दोन्हीही जळूं लागले.

१९०२ सालीं बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनें निराळीच युक्ति योजिली. चाकाबरोबर एक धातूची तबकडी फिरवावी आणि दोन बाजूंनीं तिला चिमटा घ्यावा, या त्याच्या कल्पनेचें पेटंट त्याला मिळालें. कल्पना निर्दोष होती; पण चिमट्याला लावावयास तांब्यावांचून दुसरा पदार्थ त्याच्याजवळ नव्हता. धातूवर धातु घासून कर्कश किंकाळी उठे, आणि त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवरील धुळींत तांबें भराभर झिजून जाई. त्याच सुमारास फ्रान्समध्यें लुई रेनोनें ड्रमचा ब्रेक प्रचारांत आणला. त्यांत अस्तर लावलेले पट्टे पोकळ ढोलाच्या आंतून बाहेरच्या बाजूस दाबले जातात. थोड्याच वर्षांत फ्रूडनें ॲस्बेस्टॉसचें अस्तर तयार केलें. तें जळत नसे, किंचाळत नसे आणि स्वस्तही होतें. ड्रम व ॲस्बेस्टॉस या जोडीनें मग जवळजवळ अर्धें शतक राज्य केलें.

ड्रमला एक अंगभूत दोष होता. तापला कीं तो प्रसरण पावून अस्तरापासून दूर सरे; शिवाय उष्णता आंतच कोंडली जाई. पायाखालचें पेडल खालीं जाई, पण गाडी थांबत नसे. तबकडी मात्र उघड्या वाऱ्यांत फिरते आणि तापून फुगली तर पॅडकडेच सरकते. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या चाकांवर तिचा उपयोग झाला, आणि त्या अनुभवाच्या जोरावर डनलॉप कंपनीनें जॅग्वारच्या सहकार्यानें ती शर्यतीच्या मोटारीवर आणली. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत रोल्ट व हॅमिल्टन यांनीं अशा ब्रेकची जॅग्वार चालवून विजय मिळविला, आणि त्या शर्यतींत प्रथमच ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरी गांठली. तेथील लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटीं प्रत्येक फेरींत गाडी एकदम मंद करावी लागे. प्रतिस्पर्ध्यांनीं जेथें ब्रेक दाबावयास आरंभ करावा, त्याच्या पुढें जाऊन जॅग्वारच्या चालकांनीं तो दाबावा, असा तो प्रकार होता. लँचेस्टरची कल्पना पन्नास वर्षांनीं खरी ठरली, कारण आतां तिला योग्य जोडीदार मिळाला होता.

परंतु त्या काळच्या घर्षणपदार्थांचा कणा ॲस्बेस्टॉस हाच होता, आणि त्याची किंमत शर्यतीच्या मैदानापासून दूर कोणी तरी देत होतें. रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम केलेल्या एका तरुण स्त्रीच्या मृत्यूची चिकित्सा डॉ. कुक यांनीं १९२४ सालींच प्रसिद्ध केली होती. १९३० सालीं मेरेवेदर व प्राइस यांचा अहवाल ब्रिटिश सरकारपुढें आला आणि १९३१ सालीं कारखान्यांसाठीं नियमही झाले. तथापि ड्रम उघडून आंतील भुकटी हवेच्या झोतानें उडविणाऱ्या मिस्त्र्याकडे कित्येक दशकें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ब्रिटननें ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ सालीं. डॉ. कुक यांची ती नोंद आणि बंदी यांमध्यें पंचाहत्तर वर्षें गेलीं. पदार्थ उत्तम काम करीत होता, हेंच या विलंबाचें एक मोठें कारण होय.

ॲस्बेस्टॉसच्या जागीं जीं मिश्रणें आलीं, त्यांपैकीं पुष्कळांत लँचेस्टरचें तांबें पुन्हां अवतरलें. कारण तें उष्णता त्वरित वाहून नेतें. पण झिजलेल्या पॅडची धूळ पावसाबरोबर ओढ्यांत जाते, आणि अल्प प्रमाणांतील तांब्यानेंही सामन माशाची घ्राणशक्ति मंदावते, असें दिसून आलें. अमेरिकेंतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनीं २०१० सालीं कायदे करून पॅडमधील तांब्याचें प्रमाण २०२१ पासून शेंकडा ५ पेक्षां व २०२५ पासून शेंकडा अर्ध्यापेक्षां कमी ठेवण्याचें बंधन घातलें.

आतां आजच्या ग्राहकाकडे वळूं. शर्यतीसाठीं बनविलेला पॅड तापल्यावरच नीट धरतो. गारठ्याच्या सकाळीं घराबाहेरील पहिल्याच चौकांत तो साध्या पॅडपेक्षां उणा पडतो. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवरील शुद्ध कार्बनची तबकडी तर कित्येकशें अंश तापल्यावांचून कामालाच येत नाहीं. कार्बन व सिरॅमिक यांच्या मिश्र तबकड्या वजनानें लोखंडाच्या जवळजवळ निम्म्या असतात व गंजत नाहींत, पण त्यांची किंमत फार मोठी आहे, आणि त्यांना त्यांच्याच जातीचे पॅड लागतात. तबकडीला पाडलेलीं भोकें दिसावयास देखणीं खरीं. परंतु अतिउष्णतेंत तडे जातात ते बहुधा तेथूनच. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक वेगवान गाड्यांस आंतून हवा खेळणारी बिडाची तबकडी आणि थंडीऊन्हांत सारखाच धरणारा पॅड, ही जोडीच हितकर असते. पॅड एका आंसाच्या दोन्ही चाकांवर एकदमच बदलावे. तबकडीवर कोरलेल्या किमान जाडीखालीं ती उतरली असेल तर निमूटपणें नवी घ्यावी. आणि नवी जोडी बसविल्यावर पहिले कांहीं मैल हलक्या हातानें दोघांस एकमेकांशीं जुळूं द्यावें.

इतिहासाचा निर्णय इतकाच आहे कीं, सर्व काळीं सर्वोत्तम असा ब्रेकचा पदार्थ अद्याप कोणास सांपडलेला नाहीं. चामडें, कापूस, तांबें, ॲस्बेस्टॉस, कार्बन यांपैकीं प्रत्येकानें आपापल्या वेळच्या एका प्रश्नाचें उत्तर दिलें व एक नवा प्रश्न मागें ठेवला. म्हणून दुकानांत पॅड हातीं घेतांना गाडी किती लवकर थांबेल हें विचारावें, आणि त्यासरशीं हा झिजून जाणार कोठें, कोणाच्या श्वासांत आणि कोणाच्या पाण्यांत, हेंही विचारावें. पहिला प्रश्न आपल्या जिवाचा आहे. दुसरा प्रश्न इतरांच्या जिवाचा आहे, आणि तो विचारण्यास गेल्या शतकानें फार उशीर केला.