हेलन अ‍ॅलिंगहॅम आणि सरेमधील जुनीं घरें

इ. स. १८६२ मध्यें इंग्लंडांत चेशर परगण्यांतील आल्ट्रिंगहॅम गांवीं घटसर्पाची साथ आली. रोग्यांवर उपचार करतां करतां तेथील डॉक्टर पॅटर्सन स्वतःच बळी पडले. त्यांची एक लहान मुलगीहि गेली. थोरली हेलन तेव्हां तेराचौदा वर्षांची होती. इंग्लंडच्या खेड्यांचीं अत्यंत सुखमय अशीं जलरंगांतील चित्रें पुढें हिनेंच काढलीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हेलनची मावशी लॉरा हरफर्ड हिनें १८६० सालीं रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेंत प्रवेश मिळविला होता. चित्रावर नांवाचें केवळ आद्याक्षर असल्यामुळें ती स्त्री आहे, हें परीक्षकांस कळलेंच नाहीं! १८६७ सालीं हेलनहि तेथेंच गेली. पुढें 'ग्राफिक' साप्ताहिकासाठीं चित्रें काढून तिनें पोट भरलें, आणि १८७४ सालीं विल्यम अ‍ॅलिंगहॅम ह्या आयरिश कवीशीं विवाह केला.

१८८१ सालीं हें कुटुंब सरे परगण्यांत विटली येथें राहावयास गेलें. लंडनहून आगगाडी तेथवर आलेली होती, आणि धनिक लोक गांवांतील जुनीं घरें पाडूं किंवा बदलूं लागले होते. हेलनबाई घरासमोर उघड्यावर बसून तें चित्रित करीत. कौलांवरील शेवाळ, लांकडी सांगाडा, विटांचें धुराडें, सारें डोळ्यांनीं पाहून. चाकूनें रंग खरवडून खालचा पांढरा कागद त्या पुन्हां उजेडांत आणीत. मात्र खिडकीला नवीं मोठीं तावदानें बसविलेलीं असलीं, तर त्या तीं गाळीत आणि शिशाच्या पट्ट्यांतील लहान कांचांची जुनी खिडकी चित्रांत परत बसवीत. दाराशीं गुलखैरा आणि कडेवर मूल घेतलेली स्त्री बहुधा असावयाचीच.

ह्या चित्रांत चिखल नाहीं, उपास नाहीं, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नव्हे. परदेशी धान्य येऊन भाव कोसळले होते, आणि शेतमजूर गांवें सोडून शहरांकडे जात होते. त्याची खूण तेथें सांपडत नाहीं. परंतु माणसांविषयीं जें चित्र अपुरें, तेंच घरांविषयीं साक्षीदार ठरतें. त्यांतील कित्येक घरें पुढें राहिलीं नाहींत.

१८८९ सालीं पति निवर्तले. तीन मुलांचा भार ह्याच चित्रांवर पडला. गिऱ्हाइकांस गुलखैरा हवा होता, आणि घरांत मुलांस भाकरी हवी होती! १८९० सालीं रॉयल वॉटरकलर सोसायटीनें त्यांस पूर्ण सभासद करून घेतलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९०३ सालीं त्यांच्या चित्रांचा रंगीत ग्रंथ निघाला. त्याचें नांव 'हॅपी इंग्लंड'. १९२६ च्या सप्टेंबरांत हॅसलमिअर येथें एका जुन्या मैत्रिणीकडे गेल्या असतां त्या वारल्या. वय अठ्ठ्याहत्तर होतें, आणि हातांतील कुंचला सुटला नव्हता.