बाळाचे दूध, बाळाची झोप आणि अकस्मात शिशुमृत्यू

‘‘डॉक्टर, पाठीवर झोपवलं आणि दूध उलटून घशात अडकलं तर?’’ भिवंडीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न बाळंतिणीपेक्षा तिच्या सासूबाई जास्त विचारतात. भीती समजण्यासारखी आहे, पण शरीराची रचना वेगळे सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. उलटून आलेले दूध वर चढून श्वासनलिकेत जाण्यापेक्षा पुन्हा गिळले जाते. पालथे झोपवले की हा क्रम उलटतो. दूध पाजून ढेकर काढा आणि झोपवताना प्रत्येक वेळी, दुपारीसुद्धा, पाठीवरच झोपवा. कुशीवर नको, कारण तिथून बाळ सहज पालथे होते.

एक वर्षाच्या आतले, वरवर निरोगी बाळ झोपेत दगावते आणि शवविच्छेदन व पूर्ण चौकशी करूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्याला अकस्मात शिशुमृत्यू किंवा ‘सिड्स’ म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात धोका सर्वांत जास्त असतो. आपल्याकडे अशा बाळाचे शवविच्छेदन क्वचितच होते, आणि ‘दूध श्वासात गेलं’ म्हणून दोष आईवर येतो. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालवली गेली. त्यानंतर तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

आता दुधाविषयी. किमान दोन महिने अंगावर पाजलेल्या बाळांमध्ये हा धोका जवळपास निम्मा आढळतो आणि जास्त काळ पाजल्यास आणखी घटतो. अंगावर पिणारी बाळे झोपेतून सहज जागी होतात, त्यांना जंतुसंसर्गही कमी होतात. कारण बहुधा यातच आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध, गुटी, पाणी काहीही नको. पण काही आयांना लवकर कामावर जावे लागते, काहींना खरोखरच दूध पुरत नाही. त्यांना मी एवढेच सांगतो की वरच्या दुधासोबत थोडे अंगावर पाजले तरी फायदा होतो. डब्याच्या दुधाने सिड्स ‘होतो’ असे नाही, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका. दूध उकळून घेतलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापानेच बनवा, वाटी-चमच्याने पाजा. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटे सोडू नका. १९९२ च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे, डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. त्यामुळे डबा सुरू करायचा की नाही हे दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारा.

खरी अडचण रात्री येते. एका खोलीत पाच-सहा माणसे, वडील यंत्रमागावर रात्रपाळीला आणि आई दमलेली. अशा वेळी सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजताना डोळा लागणे फार धोकादायक असते. झोप येतच असेल तर त्यापेक्षा जमिनीवरच्या टणक गादीवर आडवे होऊन पाजा, आसपासच्या उशा-गोधड्या आधी बाजूला करा आणि जाग येताच बाळाला त्याच्या अंथरुणावर ठेवा. हे अंथरूण वेगळे, पण तुमच्या हाताच्या अंतरावर असावे. वेगळी खोली लागत नाही, आणि पहिले सहा महिने तरी बाळ तुमच्याच खोलीत असलेले चांगले. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर एका अंथरुणात अजिबात झोपवू नका.

डोके गोल व्हावे म्हणून दिलेली मोहरीची उशी काढून टाका. साडीच्या झोळीत मान वाकून हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्रभराची झोप तिथे नको. पत्र्याच्या घरात आधीच उकाडा असतो. तिथे टोपडे, स्वेटर आणि वर दुपटे कशाला? बाळाची छाती घामेजली असेल तर एक कपडा कमी करा. मशेरीचा विषय बायका टाळतात, पण गरोदरपणी तंबाखू लावणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण जास्त असल्याचे मुंबईतल्याच अभ्यासात दिसले आहे. पोटात असताना बाळाला मिळालेला तंबाखू पुढे झोपेतला धोकाही वाढवतो.

बाळ निळे पडले, श्वास थांबल्यासारखा वाटला किंवा अंग एकदम सैल पडले, तर १०८ वर फोन करा. बाळ काही क्षणांत पूर्ववत झाले तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.