एका लहानशा सिद्धांताचा इतिहास

दोन सरळ रेषा परस्परांना छेदतात तेव्हां चार कोन उत्पन्न होतात. त्यांपैकीं समोरासमोरचे, म्हणजे विरुद्ध कोन, सारखे असतात. शिंप्याच्या कातरीचीं पातीं जसजशीं फांकतात, तसतसा मुठीकडील कोनहि फांकतो. इतकी उघड गोष्ट सिद्ध कशाला करावयाची, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनांत सहज उद्भवतो. त्याचें उत्तर या सिद्धांताच्या इतिहासांत आहे.

इ. स. च्या पांचव्या शतकांत प्रोक्लस या ग्रीक पंडितानें युक्लिडच्या पहिल्या पुस्तकावर भाष्य लिहिलें. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य युडेमस याच्या आधारें तो सांगतो कीं, हा सिद्धांत प्रथम मायलेटसच्या थेलीझला सांपडला. परंतु त्याची शास्त्रीय सिद्धता युक्लिडनें दिली. थेलीझ इ. स. पूर्व सहाव्या शतकांतला, तर युक्लिड इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचा. शोधाचें श्रेय एकाला व सिद्धतेचें दुसऱ्याला, अशी ही वांटणी मोठी सूचक आहे.

युक्लिडच्या पहिल्या पुस्तकांत हा पंधरावा सिद्धांत होय. एका सरळ रेषेवर दुसरी रेषा उभी राहिली म्हणजे लगतचे दोन कोन मिळून दोन काटकोन होतात, हें त्यानें तेराव्या सिद्धांतांतच ठरविलेलें असतें. आतां, विरुद्ध कोनांना शेजारी एकच. तो ११० अंशांचा असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे कोन ७० अंशांचेच असणार. युक्लिड मात्र अंश मोजीत नाहीं. सारख्या राशींतून एकच राशि वजा केली असतां बाकी सारखी राहते, एवढ्यावर तो कार्य साधतो. कोनमापकानें हजार आकृत्या मोजल्या तरी पुढची मोजावयाची उरतेच. ही सिद्धता मात्र एकदांच सर्व छेदणाऱ्या रेषांविषयीं निर्णय देते.

पुढें युक्लिडचा ग्रंथ अरबींत गेला. तेराव्या शतकांत नसीरुद्दीन तुसीनें त्याचें संस्करण केलें, आणि त्यावरून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, सवाई जयसिंहाच्या आश्रयाखालीं, सम्राट जगन्नाथानें संस्कृतांत ‘रेखागणित’ रचिलें. तो ग्रंथ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत १९०१-०२ मध्यें छापला गेला.

इतक्या भाषा ओलांडूनहि हा सिद्धांत टिकला, तो थेलीझच्या किंवा युक्लिडच्या नांवाच्या बळावर नव्हे. गुरूनें सांगितलें म्हणून तो मानावा लागत नाहीं. पाटीवर दोन रेषा ओढून शाळेंतला मुलगाहि तो स्वतः पारखून घेऊं शकतो. उघड दिसणाऱ्या गोष्टीचीहि सिद्धता मागावयाची ती याचसाठीं.