हेडलाइटची घरगुती दुरुस्ती

हेडलाइटची घरगुती दुरुस्ती म्हणजे मोटारीच्या पुढील दिव्यांचे धुरकट झालेले कवच स्वच्छ करणे, बल्ब व तारा बदलणे आणि प्रकाशझोताची दिशा पुन्हा जुळवणे ही कामे वाहनमालकाने स्वतः किंवा गल्लीतील गॅरेजच्या मदतीने करणे. या कामांचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात दिव्याला त्याची मूळ क्षमता परत मिळवून दिली जाते. दुसऱ्यात मूळ क्षमतेपेक्षा अधिक प्रकाश मिळवण्याचा प्रयत्न होतो. पहिला प्रकार स्वस्त, सोपा व कायदेशीर आहे. दुसऱ्याचा लाभ अनेकदा केवळ चालकाला होतो आणि त्याची किंमत समोरून येणाऱ्याला मोजावी लागते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसरात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. यंत्रमागांचे हे शहर आता गोदामांचेही मोठे केंद्र झाले आहे. मुंबई–नाशिक महामार्ग, काल्हेर–कशेळीवरून ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रस्ता, अंजूरफाटा–चिंचोटी रस्ता आणि वाड्याकडे जाणारा रस्ता यांवर मालमोटारी व टेम्पोंची वाहतूक रात्रभर चालू असते. याच रस्त्यांवर दुचाकी, रिक्षा, सायकली आणि पाळी संपवून पायी घरी जाणारे कामगारही असतात. दुभाजक नसलेल्या भागात समोरचा झोत थेट डोळ्यांवर येतो.

काच ते पॉलिकार्बोनेट

जुन्या मोटारींच्या दिव्यांचे कवच काचेचे असे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे गोल दिवे मुंबई-ठाण्यातील दोन पिढ्यांच्या परिचयाचे आहेत. या गाडीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. काच दगड लागून फुटे, पण पिवळी पडत नसे. फुटली तर तेवढी काच बदलून घेता येत असे.

हॅलोजन बल्ब युरोपात १९६२ साली वापरात आला. एकाच बल्बमध्ये लांबचा व जवळचा असे दोन्ही झोत देणारा एच-४ हा प्रकार १९७१चा. भारतातील असंख्य मोटारी आजही त्यावर चालतात. १९८० च्या दशकात अमेरिकेने प्लॅस्टिकच्या कवचाला मान्यता दिली व १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीपासून त्याचा प्रसार सुरू झाला. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक हलके असते, सहज फुटत नाही आणि त्याला हवा तो आकार देता येतो. मात्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याच्या पृष्ठभागाची रासायनिक झीज होते. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ संरक्षक लेप दिलेला असतो. ऊन, धूळ, वाळूचे कण व कोरड्या फडक्याने वारंवार पुसणे यांनी हा लेप झिजला की खालचे प्लॅस्टिक प्रथम दुधाळ व नंतर पिवळे होते. वर्षभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत हा बदल लवकर दिसतो.

असे कवच प्रकाश अडवते, शिवाय तो विखुरते. त्यामुळे चालकाला पुढचा रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याला मात्र दिवा अधिक डोळ्यांत खुपतो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जुन्या, पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्याच्या तुलनेत सुमारे एक पंचमांश प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले. घासून स्वच्छ केल्यावर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आले. ‘बल्ब कमजोर झाला’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांना नव्या बल्बची गरज नसते, ती यामुळेच.

दोष ओळखणे

घासण्यापूर्वी दोष बाहेर आहे की आत हे पाहावे. कवचावर पाणी ओतले असता ते क्षणभर पारदर्शक दिसले तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. तो घासून जातो. पाणी ओतूनही धुके तसेच राहिले तर ओल आत शिरलेली असते. कोकणातील पावसाळ्यात हे नेहमी घडते. मागचे रबरी झाकण नीट न बसणे, हवेची नळी तुंबणे किंवा कवचाच्या कडेचा सांधा उकलणे ही त्याची सामान्य कारणे. आतील चकचकीत परावर्तकावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो काळवंडला किंवा सोलला असेल तर कोणत्याही पॉलिशचा उपयोग नाही आणि बोटाने पुसल्यास उरलेला थरही निघून येतो. अशा वेळी संपूर्ण दिवा बदलणे हाच उपाय.

घासणे व लेप देणे

प्रथम कवच साबणाच्या पाण्याने धुऊन वाळूचा कण न् कण काढावा व भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. रंगाच्या दुकानात मिळणारा पाण्याचा पॉलिश पेपर वापरतात. जुना लेप उरला असल्यास ६०० किंवा ८०० क्रमांकापासून सुरुवात करून पुढे १०००, १५००, २००० व शेवटी ३००० असा क्रम ठेवतात. कागद व कवच सतत ओले राहिले पाहिजे. एका क्रमांकाने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे, म्हणजे आधीचे ओरखडे निघाले की नाही ते कळते. घाई करून मधला क्रमांक वगळला तर ते ओरखडे रात्री प्रकाशात उठून दिसतात. घासल्यावर कवच पूर्वीपेक्षाही पांढरे दिसू लागते आणि प्रथमच हे काम करणारा माणूस घाबरतो. पॉलिश केल्यावर ते स्वच्छ होते.

खरे काम यानंतरचे आहे. घासताना जुना संरक्षक लेप निघून गेलेला असतो, त्यामुळे नवा लेप दिला नाही तर उघडे प्लॅस्टिक काही महिन्यांतच पुन्हा पिवळे पडते. टूथपेस्टने घासण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. तिच्यातील बारीक कणांमुळे तात्पुरती चमक येते, पण संरक्षण काहीच मिळत नाही. अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप कोरड्या हवेत, उन्हापासून दूर द्यावा. पावसाळ्यातील दमट हवेत तो पांढुरका पडतो. गाड्या रंगवणारे कारागीर दोन घटकांचे लॅकर वापरतात. ते टिकाऊ असते, परंतु त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने ते बंद खोलीत किंवा साध्या रुमालाच्या भरवशावर फवारू नये. पेट्रोल, थिनर व ॲसिटोनने पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात. गॅरेजमध्ये डाग काढण्यासाठी पेट्रोलचा बोळा सर्रास फिरवला जातो, तो हेडलाइटपासून दूर ठेवलेला बरा.

बल्ब, तारा व रिले

१२ व्होल्टच्या मोटारीतील प्रमाणित एच-४ बल्ब लांबच्या झोतासाठी ६० व जवळच्या झोतासाठी ५५ वॅटचा असतो. २४ व्होल्टच्या मालमोटारींत हे आकडे ७५ व ७० आहेत. बाजारात १००/९० वॅटचे बल्बही मिळतात. ५५ वॅटला सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह लागतो, तर ९० वॅटला साडेसात. मूळ तारा, स्विच व सॉकेट यांची योजना एवढ्या प्रवाहासाठी केलेली नसते. सॉकेट तपकिरी होऊन वितळतो, परावर्तक करपतो, क्वचित आगही लागते.

याउलट मूळ बल्बलाच पुरेसा विद्युतदाब मिळत नाही, हा दोष जुन्या गाड्यांत फार आढळतो. गंजलेली अर्थिंग, सैल जोड व बारीक तारा यांत दाब वाया जातो. दाब १० टक्क्यांनी घटला की हॅलोजन बल्बचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड तार आणून रिले बसवला तर स्विचवरचा भार कमी होतो आणि त्याच बल्बचा उजेड लक्षात येण्याइतका वाढतो. एखाद्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेण्याजोगी हीच सुधारणा आहे. नवा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. तेलकट डागाच्या जागी काच अधिक तापते व बल्ब लवकर जातो.

हॅलोजनच्या जागी एलईडी

‘लावा आणि चालवा’ अशा जाहिरातीने विकले जाणारे एलईडी बल्ब हा सध्याचा सर्वाधिक लोकप्रिय बदल. परावर्तकाचा प्रत्येक भाग बल्बमधील काही मिलिमीटर लांबीच्या तंतूच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एच-४ मध्ये जवळच्या झोताच्या तंतूखाली एक छोटी धातूची वाटी असते. तिच्यामुळेच झोताची वरची कडा कापली जाते. एलईडीचे चकते त्या जागी तंतोतंत न बसल्यास ही कडा विसकटते आणि प्रकाश रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांकडे जातो. चालकाला गाडीच्या अगदी पुढचा भाग लखलखीत दिसतो व त्यामुळे दिवा सुधारल्याचा भास होतो. लांबच्या अंतरावर फारसा लाभ झालेला नसतो. बल्बच्या मागील छोट्या पंख्यात धूळ किंवा कापसाचे तंतू साचले की एलईडी तापते आणि तिचे आयुष्य घटते. कारखान्यातूनच एलईडीसाठी बनवलेल्या दिव्यांना हे आक्षेप लागू होत नाहीत.

परदेशातून आलेले जुने सुटे दिवे विकत घेतानाही काळजी हवी. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने जवळच्या झोताची डावी बाजू थोडी वर उचललेली असते, म्हणजे रस्त्याची कडा व पादचारी दिसतात. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांतील दिवे याच्या उलट असतात. ते इथे लावल्यास उचललेली बाजू थेट समोरच्या वाहनावर पडते.

झोताची दिशा

दिवा कितीही चांगला असला तरी त्याची दिशा चुकली तर तो निरुपयोगी, किंबहुना धोकादायक ठरतो. खड्ड्यांच्या धक्क्यांनी जुळणीचे स्क्रू हलतात, बल्ब बदलताना तो वाकडा बसतो. जुळणी करण्यासाठी सपाट जागा व सरळ भिंत पुरते. गोदामांच्या लांब भिंती यासाठी सोयीच्या. चाकांत योग्य हवा भरून चालकाच्या जागी कोणाला तरी बसवावे, गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी आणि दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. जवळच्या झोताची आडवी कडा त्या रेषेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे. गल्लीत जागा कमी असल्यास ५ मीटरवर हे अंतर निम्मे धरावे. ६५ सेंटिमीटर उंचीचा दिवा १० मीटरला १० सेंटिमीटर उतरत असेल तर त्याचा झोत ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो.

मागच्या बाजूला भार पडला की गाडीचे नाक वर जाते. केवळ अर्ध्या अंशाने नाक उचलले तरी ५० मीटरवर झोत सुमारे ४४ सेंटिमीटर वर सरकतो. कापडाच्या गाठींनी भरलेला छोटा टेम्पो डिपर देऊनही समोरच्याला दिपवतो तो यामुळे. चालकाची त्यात चूक नसते आणि बहुधा त्याला याची कल्पनाही नसते. अनेक मोटारींत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची एक चकती असते. भार वाढेल तसा मोठा आकडा निवडल्यास झोत खाली येतो. ही चकती बहुतेक गाड्यांत आयुष्यभर शून्यावर राहते.

दिपवणाऱ्या प्रकाशाचा परिणाम वयानुसार वाढतो. डोळ्यांतील भिंग धूसर होत जाते, प्रकाश डोळ्यांतच विखुरतो आणि रस्त्यावरची वस्तू त्या पडद्याआड झाकली जाते. साठी ओलांडलेल्या चालकाला वा मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या पादचाऱ्याला तो क्षण तरुणापेक्षा कितीतरी लांब वाटतो. पूर्वी अनेक शहरांत हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवण्याची पद्धत होती. तिचा हेतू हाच होता, पण त्यात चालकाचा प्रकाशही वाया जाई.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, तसेच १५५ मीटरवरील माणसे व वाहने स्पष्ट दिसणार नाहीत इतका उजेड कमी असेल तेव्हा, दिवे लावणे बंधनकारक आहे. नियम १०६ मध्ये समोरच्यास न दिपवण्याची अट आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे व दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती दिपू नये, असे तिचे मोजमाप दिलेले आहे. नियम १११ ने गाडीच्या पुढे स्पॉटलाइट लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कवच घासणे, त्याच क्षमतेचा प्रमाणित बल्ब बसवणे व झोत जुळवणे या गोष्टी देखभालीत मोडतात. व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. खासगी मोटारींना सुरुवातीची पंधरा वर्षे अशी तपासणी नसल्याने त्यांच्या दिव्यांची जबाबदारी पूर्णपणे मालकावर राहते.