बिदरी पात्राची पारख आणि मूळ वर्ग

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहामनी सुलतान अहमदशहा वलीने गुलबर्ग्याहून राजधानी जेथे हलविली, त्या बिदर शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बिदरी कामात मला सर्वाधिक मोह पडतो तो चांदीच्या वेलबुट्टीचा नव्हे, तर त्या वेलबुट्टीखालच्या ओबडधोबड पात्राच्या व मातीच्या परीक्षेचा. सुमारे १६ भाग जस्त आणि १ भाग तांबे यांचे ओतीव पात्र कानशीने घासून, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करून, मग त्यावर नक्षी कोरली जाते आणि चांदी ठोकून बसविली जाते. शेवटी किल्ल्यातील जुनी माती नवसागरासह पाण्यात कालवून त्याला लावली, की धातू काळाभोर होतो आणि चांदी शुभ्रच राहते. ती माती कारागीर आधी जिभेवर ठेवून पारखतात, कारण ती निकृष्ट निघाली तर वरची सारी मेहनत व्यर्थ.

वरच्या कामाआधी पायाची पारख करण्याचा हाच दस्तूर संगणकाच्या आज्ञावलीतही यथाकाल रूढ झाला. १९६७ साली नॉर्वेत सिम्युला भाषेने वर्ग व त्यांचा वारसा ही कल्पना मांडली. १९९०च्या दशकात केंट बेक यांनी स्मॉलटॉकसाठी घटक-चाचण्यांची चौकट रचली. चॅटबॉट बनविण्याच्या आज्ञावली-ग्रंथालयात संदेश, वापरकर्ता, संभाषण हे वर्ग बहुधा एकाच मूळ वर्गाचे वारसदार असतात, आणि म्हणून त्या मूळ वर्गाची तपासणी मला अत्यंत मोलाची वाटते: वस्तू जेसन मजकुरात उतरवून परत वाचली असता ती बरहुकूम तीच निघते काय, समान ओळखक्रमांकाच्या दोन वस्तू समान ठरतात काय, आणि भिन्न वर्गांच्या असल्यास, क्रमांक एकच असूनही, वेगळ्या राहतात काय.