‘प्रवचन’ शब्दाची कुळकथा

चातुर्मास आला की गावोगावच्या देवळांबाहेर प्रवचनाचे फलक लागतात. वक्त्याने बसून ग्रंथ उलगडावा, श्रोत्यांनी ऐकावा, ह्यास आपण प्रवचन म्हणतो. परंतु ह्या शब्दाचा मूळ अर्थ निराळा आणि आमच्या मते अधिक जबाबदारीचा आहे. तो ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

‘वच्’ म्हणजे बोलणे. त्यास ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘प्रवचन’ शब्द सिद्ध होतो. वैदिक वाङ्मयात त्याचा अर्थ अध्यापन असा आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत ऋत, सत्य, तप, दम, शम आदी कर्तव्ये सांगितली असून त्या प्रत्येकाबरोबर स्वाध्याय व प्रवचन ही जोडी आली आहे. स्वाध्याय म्हणजे आपण शिकणे, प्रवचन म्हणजे दुसऱ्यास शिकविणे. हीच दोन खरे तप होत, असे नाक मौद्गल्य ह्यांचे मतही तेथेच नोंदले आहे.

पाणिनीने ह्या संबंधात एक मार्मिक भेद केला आहे. कोणी स्वतः रचलेला ग्रंथ तो ‘कृत’, आणि शिष्यांस पढविलेला तो ‘प्रोक्त’. ‘प्रोक्त’ हा शब्दही ‘प्र’ आणि ‘वच्’ ह्यांपासूनच झालेला आहे. कठ, तैत्तिरीय ह्या वेदशाखांची नावे अशा पढविणाऱ्या आचार्यांवरूनच पडली. ज्या घरांत मुंज होते, तेथील वडीलधाऱ्यांस अनुप्रवचनीय होम ठाऊक असेल. गुरूने सांगावे व बटूने मागून म्हणावे, ही अध्ययनाची रीत त्या नावात आजही जपली गेली आहे.

पुढे अर्थ विस्तारला. पालीत ‘पावचन’ म्हणजे बुद्धाची शिकवण. जैन आचार्य कुंदकुंद ह्यांच्या प्राकृत ग्रंथाचे नावच ‘प्रवचनसार’ असून तेथे प्रवचन म्हणजे जिनांचा उपदेश. शिकविण्याच्या क्रियेचे नाव असे शिकवणीस मिळाले. मराठीत ते शिकवणीवरील निरूपणास मिळाले आणि उभ्याने, गायनासह होणाऱ्या कीर्तनाहून प्रवचन वेगळे ठरले.

मूळ अर्थ मात्र लोपला नाही. विनोबा भावे ह्यांनी 1930–31 मध्ये गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद ‘गीताई’ सिद्ध केला. त्यानंतर 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी, त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेचे 18 अध्याय उलगडले. आधी स्वाध्याय, मग प्रवचन, असा हा जुनाच क्रम होय. अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ते बोल लिहून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. पाणिनीच्या भाषेत तो ‘प्रोक्त’ ग्रंथच म्हणावा लागेल.

आज दूरचित्रवाणीवर व भ्रमणध्वनीवर प्रवचनांस तोटा नाही. उणीव आहे ती स्वाध्यायाची. आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यांत बाहेरचा वक्ता अवश्य बोलवावा. पण दरवर्षी आपल्यापैकी एका तरुणाने अथवा तरुणीने एक ग्रंथ वर्षभर अभ्यासावा आणि तो लहानांस समजावून सांगावा, असे आम्ही सुचवितो. आमचे उर्वरित आयुष्य अशा एखाद्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडल्यास आम्हांस धन्यता वाटेल.